अँड गेट ते पल्सार : ब्रूनो रॉसी

ब्रूनो रॉसी हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी उगाच हात वर करू नयेत, कारण आमच्या सिलॅबसमध्ये ते कुठेच येत नाही. विंगमध्ये मी हे नाव काढलं तेव्हा निम्म्या लोकांना १९८२ च्या वर्ल्ड कपमधला पाओलो रॉसी आठवला. तो नव्हे. हा रॉसी व्हेनिसचा, जन्म १३ एप्रिल १९०५. डिजिटलच्या प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर ७४०८ खोचून आपण ज्याचं ट्रूथ टेबल जर्नलमध्ये उतरवतो (कुणाच्या जर्नलमधून, ते विचारू नका), त्या अँड गेटचा इलेक्ट्रॉनिक आजोबा बनवणारा माणूस.

मला तो सापडला भलत्याच वाटेने. टी.ई.च्या सेमिनारला मी विषय घेतला होता, पल्सारकडून येणारे क्ष-किरणांचे ठोके कसे मोजतात हा. वाचताना दर दोन पानांनी एका उपग्रहाचं नाव यायचं : रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर. उपग्रहाला नाव दिलंय म्हणजे कुणीतरी मोठा असणार, एवढ्यावर सोडून देता आलं असतं. पण त्या उपग्रहाचं काम काय, तर कुठला फोटॉन नेमका कधी येऊन पोचला याची नोंद ठेवणं. आणि ज्याचं नाव दिलंय त्या माणसाने पंचवीस वर्षांचा असल्यापासून काय केलं, तर हेच. काय आलं यापेक्षा कधी आलं, आणि कुणाबरोबर आलं! सेमिनार झाला, मार्क पडले, पण माणूस काही डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

ब्रूनोचे वडील इलेक्ट्रिकल इंजिनिअर, व्हेनिसमध्ये वीज आणण्याच्या कामात होते. म्हणजे आपल्यातलेच. चौदा वर्षांचा होईपर्यंत मुलगा घरीच शिकला, मग शाळा, मग पाडुआचं विद्यापीठ, आणि १९२७ साली बोलोन्याहून पदवी. १९२८ मध्ये फ्लॉरेन्सला असिस्टंटची नोकरी लागली. तिथलं भौतिकशास्त्राचं खातं गावाबाहेर आर्चेत्रीच्या टेकडीवर. गॅलिलिओने नजरकैदेतली शेवटची वर्षं काढली ती हीच टेकडी. जागा झकास, पण पैशाच्या नावाने शंख. विभागप्रमुख गार्बासो हे शहराचा कारभारही बघायचे, त्यामुळे तरुण पोरं बरीचशी मोकळी होती. आता मोकळीक मिळाली तरी करायचं काय, हा प्रश्न उरतोच. वर्षभर रॉसींना तो पडलेला होता.

उत्तर मिळालं १९२९ साली, जर्मनीतून आलेल्या एका शोधनिबंधात. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आकाशातून कसलातरी भेदक किरणोत्सार सतत जमिनीवर येतो, हे व्हिक्टर हेसने १९१२ साली बलूनमधून वर जाऊन दाखवलं होतं. हे वैश्विक किरण म्हणजे गॅमा किरणच, असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. अमेरिकेतले मिलिकन तर त्यावर एक अख्खी उपपत्ती रचून बसले होते : अवकाशात नवे अणू घडतात, त्या वेळी हे गॅमा बाहेर पडतात. मिलिकन नोबेलवाले, त्यांच्यापुढे बोलणार कोण! बर्लिनच्या बोथे आणि कोलहर्स्टर यांनी एक साधी गोष्ट केली. दोन गायगर काउंटर एकावर एक ठेवले आणि मध्ये चार सेंटिमीटर जाडीची सोन्याची वीट घातली. (सोन्याची! आमच्या लॅबला सोल्डरिंगची तार मिळताना मारामार.) तरीसुद्धा दोन्ही काउंटर बऱ्याच वेळा एकदमच वाजत होते. म्हणजे एकच विद्युतभारित कण वरून आत शिरून, वीट भेदून, खालून बाहेर पडत असणार. गॅमा असा वागत नाही.

रॉसींना यात आपल्या कामाची दिशा दिसली, आणि त्यातली अडचणही. दोन काउंटर एकदम वाजले हे ठरवायचं कसं? बर्लिनवाल्यांनी ठोके फोटोच्या फिल्मवर उतरवून नंतर शेजारी शेजारी ठेवून ताडले होते. काही आठवड्यांतच रॉसींनी स्वतःचे काउंटर बनवले आणि रेडिओतले ट्रायोड व्हॉल्व्ह वापरून एक सर्किट जुळवलं. ते १९३० साली 'नेचर'मध्ये छापून आलं.

सर्किट समजायला हॉस्टेलची टाकी आठवा. टाकीला तीन नळ आहेत आणि तिन्ही उघडे आहेत. वरून पाणी येतंय, पण टाकी काही भरत नाही. एक नळ बंद केला, तरी बाकीचे दोन पाणी काढून टाकतात. दोन बंद केले, तरी एक उघडा आहेच. तिन्ही एकाच वेळी बंद झाले तरच पाणी चढणार. रॉसींच्या सर्किटमध्ये नळांच्या जागी ट्रायोड आहेत. तिघांच्या प्लेट एकत्र जोडून एकाच रेझिस्टरवर टाकलेल्या. काउंटरमधून कण गेला की त्याच्या ट्रायोडच्या ग्रिडवर निगेटिव्ह पल्स येतो आणि तो ट्रायोड क्षणभर बंद पडतो. तिन्ही एकदम बंद पडले तरच प्लेटचं व्होल्टेज उसळी मारतं. झालं अँड गेट. दोन काउंटर असोत की दहा, एक ट्रायोड वाढवायचा, बस्स. त्या काळी याला कोइन्सिडन्स सर्किट म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षं कणभौतिकीचे प्रयोग याच्या जिवावर चालले.

तीन काउंटरनी काय फरक पडतो ते मी कागदावर करून पाहिलं. समजा प्रत्येक काउंटर सेकंदाला दहा वेळा आपापल्या कारणाने वाजतोय, आणि आपण एक मिलिसेकंदाच्या आत वाजलेल्यांना एकदम वाजले असं धरतो. दोनच काउंटर असतील तर निव्वळ योगायोगाने मिनिटाला बारा खोट्या जोड्या मिळतील. तीन असतील तर साधारण साडेपाच मिनिटांत एक. गोंगाट तेवढाच आहे, फक्त तिसऱ्याची साक्ष काढली की खोटं गळून पडतं.

मग आर्चेत्रीच्या टेकडीवर धडाधड प्रयोग सुरू झाले. रॉसींनी काउंटरांच्या मध्ये शिसं भरत नेलं, अगदी मीटरभर जाडीचं. तेवढ्या शिशातूनही निम्म्याच्या आसपास कण आरपार गेले. मिलिकनचे गॅमा हे करूच शकत नव्हते. १९३१ साली फर्मींनी रोमला परिषद भरवली, तिथे वैश्विक किरणांवर बोलायला उभं केलं या सव्वीस वर्षांच्या पोराला. पुढच्या रांगेत कोण, तर खुद्द मिलिकन. रॉसींनी त्यांच्या उपपत्तीचा फडशा पाडला. मिलिकन त्यांच्यावर नाराज झाले ते झालेच. (व्हायवाला एक्स्टर्नलचं मत खोडून काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. असो.)

त्याहून नवल पुढच्या प्रयोगाचं. तीन काउंटर एका रेषेत न ठेवता त्रिकोणात ठेवले. एकटा सरळ जाणारा कण तिघांतून जाऊच शकत नाही. तरीही ते एकदम वाजले! आणि वर शिशाचा पातळ पत्रा ठेवला तर आणखी जास्त वाजले. म्हणजे शिशात एका कणापासून कणांचा फवारा उडत होता. ही गोष्ट इतकी अविश्वसनीय वाटली की एका नियतकालिकाने निबंध परत पाठवला. हायझेनबर्ग यांनी शब्द टाकला तेव्हा तो दुसरीकडे छापून आला.

इथे जरा थांबून एक हिशेब मांडतो. आर्चेत्रीतले रॉसींचे सहकारी ओक्यालिनी १९३१ मध्ये केंब्रिजला ब्लॅकेट यांच्याकडे गेले आणि जाताना हे कोइन्सिडन्सचं तंत्र घेऊन गेले. दोघांनी ते क्लाउड चेंबरला जोडलं : काउंटर एकदम वाजले तरच फोटो काढायचा. कण स्वतःच स्वतःचा फोटो काढायला लागले. ब्लॅकेट यांना १९४८ चं नोबेल मिळालं. कोइन्सिडन्स पद्धतीबद्दल १९५४ चं नोबेल बोथे यांना मिळालं. २००२ चं नोबेल कुणाला मिळालं ते पुढे येईलच. रॉसींना एकदाही नाही. यात मला कट वगैरे दिसत नाही. बोथे पहिले होतेच. पण अवजार बनवणाऱ्याचं नाव अवजाराबरोबर फिरत नाही, हे मात्र दिसतं.

१९३२ मध्ये रॉसी पाडुआला प्रोफेसर झाले. आता पुढचा प्रश्न होता : हे कण धन भाराचे की ऋण? १९३० मध्येच त्यांनी गणित मांडलं होतं, की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या कणांच्या संख्येत फरक पडला पाहिजे. तो फरक विषुववृत्ताजवळ आणि उंचावर ठळक दिसणार. म्हणून १९३३ साली सगळं सामान बांधून ते पूर्व आफ्रिकेत एरिट्रियाला गेले आणि अस्मारा गावाजवळ २३७० मीटर उंचीवर तंबू ठोकून काउंटर कलते ठेवून बसले. पश्चिमेकडून जास्त कण आले. म्हणजे धन भार. उत्तर बरोबर, फक्त उशीर झाला! काही महिनेच आधी अमेरिकन मंडळींनी मेक्सिको सिटीत हेच मोजून जाहीर केलं होतं. त्याच तंबूत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली : एकमेकांपासून लांब ठेवलेले काउंटरही कधीकधी एकदम वाजतात, जणू कणांचा मोठा सडाच वरून पडतोय. त्याच्या मागे लागायला वेळ उरला नाही. पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, फ्रान्सच्या ओझे यांनी तो शोध पक्का केला आणि तो त्यांच्या नावावर गेला.

पाडुआत मात्र त्यांनी एक काम मनापासून केलं. विद्यापीठाने भौतिकशास्त्रासाठी नवी इमारत बांधायचं ठरवलं आणि आखणी रॉसींवर सोपवली. चार-पाच वर्षं त्यांनी स्वतःचं संशोधन बाजूला ठेवून खोल्या, वर्कशॉप, वायरिंग यात घातली. १९३७ साली इमारत उभी राहिली. १९३८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नोरा लोम्ब्रोसो यांच्याशी लग्न केलं. आणि त्याच सप्टेंबरात मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्धचे वंशकायदे आणले. रॉसी ज्यू घराण्यातले. नोकरी गेली, आणि स्वतः आखलेल्या इमारतीचं दार बंद झालं. वय तेहेतीस, लग्नाला सहा महिनेही झालेले नाहीत, आणि देशात आपलं काही उरलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये नवरा-बायको इटली सोडून निघाले.

हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून मेसला गेलो आणि जेवताना काही बोललो नाही, एवढंच सांगतो.

आधी कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे, मग मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे. ज्यांच्या नोबेलच्या कामात यांचं सर्किट होतं त्यांनीच आसरा दिला, हे बरं झालं. १९३९ च्या जूनमध्ये ते शिकागोला पोचले. तिथे आर्थर कॉम्प्टन यांच्याशी बोलताना विषय निघाला मेसोट्रॉनचा, म्हणजे आपण आता ज्याला म्युऑन म्हणतो त्याचा. हा कण वाटेतच मरतो अशी शंका होती. रॉसींनी प्रयोग सुचवला आणि त्याच उन्हाळ्यात जुन्या बसमध्ये शिसं, ग्रॅफाइट आणि काउंटर भरून कोलोरॅडोमधलं माउंट इव्हान्स हे शिखर गाठलं. ४३०० मीटर उंची.

युक्ती बघा. हवेचा जाड थर आणि तितक्याच वजनाचा ग्रॅफाइटचा ठोकळा यांनी कण सारखेच अडवायला हवेत. पण हवेतून येताना जास्त कण गायब झाले. का? कारण हवेत अंतर जास्त, म्हणजे वेळ जास्त, म्हणजे वाटेत मरायला सवड जास्त! म्युऑन खरोखरच नश्वर आहे याचा हा पुरावा. १९४१ मध्ये त्यांनी दाखवलं की वेगवान म्युऑन संथ म्युऑनपेक्षा जास्त जगतात, आणि आईनस्टाईनच्या सापेक्षतेत सांगितलंय त्याच प्रमाणात. मग कॉर्नेलला नेरेसन या विद्यार्थ्याबरोबर थांबलेल्या म्युऑनचं आयुष्य थेट मोजलं : २.१५ मायक्रोसेकंद, चूक ०.०७ ची इकडेतिकडे. आजचा आकडा २.१९७ आहे. १९४३ सालच्या व्हॉल्व्हवर! त्यासाठी त्यांनी असं सर्किट केलं की दोन पल्समधला वेळ व्होल्टेजच्या उंचीत बदलतो. टाइम-टू-अँप्लिट्यूड कन्व्हर्टर हे नाव इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना ओळखीचं वाटेल. ते रॉसींचं अपत्य.

मग लॉस अलामॉस. अमेरिका युद्धात उतरल्यावर इटलीचे नागरिक म्हणून रॉसी काही काळ कायद्याने शत्रुराष्ट्राचे माणूस ठरले होते. त्याच माणसाला १९४३ मध्ये अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत बोलावलं. जायचं की नाही यावर मनात घालमेल झाली. जर्मनीने आधी बॉम्ब केला तर, ही भीती शेवटी वरचढ ठरली. हान्स स्टाउब यांच्याबरोबर त्यांनी डिटेक्टर ग्रुप सांभाळला. प्लुटोनियमचा गोळा चारी बाजूंनी एकसारखा दाबला जातो की नाही, हे बघायला गोळ्याच्या मध्यभागी किरणोत्सारी लँथॅनम ठेवायचं आणि बाहेर येणारे गॅमा अतिवेगवान आयनीकरण कक्षांनी मोजायचे, ही व्यवस्था त्यांनी बसवली. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी स्फोटात साखळी प्रक्रिया किती वेगाने वाढली तेही त्यांच्याच उपकरणाने टिपलं. एका मायक्रोसेकंदाच्याही छोट्या अंशातला खेळ होता तो. म्युऑनचा जीव मोजणारा हात आणि हा हात एकच होता. मला हे दोन तुकडे नीट जोडता येत नाहीत, आणि मी ते जोडायला बसलेलोही नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते एमआयटीत आले आणि तिथलेच झाले. आता लढाऊ काळात शिकलेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक्स हाताशी होतं. अस्मारातला तो अर्धवट राहिलेला कणांचा सडा त्यांनी पुन्हा हातात घेतला. जमिनीवर लांब लांब डिटेक्टर मांडले, आणि सडा कुठल्या डिटेक्टरवर किती नॅनोसेकंद आधी पोचला यावरून तो आकाशात कुठून आला हे काढलं. एकदा वीज पडून आग लागली, कारण डिटेक्टरमधलं द्रव ज्वलनशील होतं; मग गटातल्या लोकांनी प्लास्टिकचे डिटेक्टर केले. या कामाचा एक धागा भारतातही येतो. कोडाईकनालला असाच प्रयोग झाला, त्यात एमआयटीचे जॉर्ज क्लार्क यांच्याबरोबर विक्रम साराभाई आणि एकनाथ चिटणीस होते. चिटणीस पुढे एमआयटीत रॉसींच्या गटात काम करून आले, आणि थुंब्याच्या रॉकेट केंद्रासाठी जागा शोधण्याच्या कामात पडले. आपल्या कोल्हापूरचा माणूस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला आणि रॉसींना वयाच्या पन्नाशीत नवं मैदान मिळालं. १९६१ च्या मार्चमध्ये एक्सप्लोरर १० वर त्यांच्या गटाचं यंत्र गेलं आणि सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा त्याने मोजला. पण माझ्या सेमिनारच्या दृष्टीने महत्त्वाचं घडलं ते १९५९ मध्ये, त्यांच्या घरी, एका पार्टीत. अमेरिकन सायन्स अँड इंजिनिअरिंग या छोट्या कंपनीच्या संचालक मंडळाचे ते अध्यक्ष होते. तिथे नुकत्याच लागलेल्या रिकार्डो जियाकोनी या इटालियन तरुणाला त्यांनी सुचवलं, की आकाशात क्ष-किरण शोधून बघ.

हे सुचवणं म्हणजे कागदावर शुद्ध वेडेपणा होता. सूर्य क्ष-किरण सोडतो हे माहीत होतं. पण सर्वांत जवळचा तारा सूर्यापेक्षा जवळजवळ २ लाख ७० हजार पट लांब. तो सूर्यासारखाच असेल तर त्याचे क्ष-किरण सुमारे सात हजार कोटी पट मंद दिसणार. त्या काळच्या कुठल्याही काउंटरच्या आवाक्याबाहेर. रॉसींचं म्हणणं थोडक्यात असं, की निसर्गाची कल्पनाशक्ती आपल्यापेक्षा मोठी असते, तेव्हा आधी खिडकी उघडू, मग बघू. नासाने पैसे नाकारले. हवाई दलाने दिले, पण चंद्राच्या नावावर : सूर्याच्या क्ष-किरणांनी चंद्र चमकतो का ते पाहा. (प्रोजेक्टला स्पॉन्सर कसा मिळवावा याचा हा जुना नमुना.)

एका प्रयत्नात रॉकेट नीट गेलं, पण यंत्रावरचं झाकणच उघडलं नाही. पुढचं रॉकेट १८ जून १९६२ च्या मध्यरात्रीला मिनिटभर कमी असताना न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून उडालं. ८० किलोमीटरच्या वर ते जेमतेम ३५० सेकंद होतं. तीन गायगर काउंटरपैकी दोन चालले. चंद्राचं काहीच दिसलं नाही. पण वृश्चिक राशीच्या बाजूने क्ष-किरणांचा असा लोंढा आला की आधी यंत्रच बिघडलं असेल असं वाटावं. महिनोन् महिने शंका काढून झाल्यावर डिसेंबरात निबंध छापला : जियाकोनी, गुर्स्की, पाओलिनी, रॉसी. त्या स्रोताला पुढे स्कॉर्पियस एक्स-१ म्हणू लागले. तो एक न्यूट्रॉन तारा आहे, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणारा. क्ष-किरण खगोलशास्त्र त्या सहा मिनिटांत जन्माला आलं, आणि त्यासाठीच जियाकोनींना २००२ चं नोबेल मिळालं. तोवर रॉसी जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता पल्सार. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला सापडला, रेडिओवर. १९६८ च्या अखेरीस खेकडा तेजोमेघात, म्हणजे क्रॅब नेब्युलात, सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारणारा पल्सार मिळाला. त्यातून क्ष-किरणही ठोक्याठोक्याने येतात का? अडचण अशी, की भोवतीचा तेजोमेघ सतत क्ष-किरण ओततोय, आणि ठोक्यांचा वाटा शंभरात काही थोडाच. रॉकेटला मिळणार काही मिनिटं. उपाय तोच, आर्चेत्रीचा : वेळेची साक्ष काढायची. प्रत्येक फोटॉन आला ती वेळ लिहून ठेवायची, आणि सगळ्या वेळा ३३ मिलिसेकंदांच्या एकाच पट्टीवर घडी घालून एकावर एक बसवायच्या. तेजोमेघाचे फोटॉन कुठेही पडतात, त्यांचा सपाट थर होतो. पल्सारचे दर फेरीला त्याच जागी पडतात, तिथे ढीग साचतो.

घडी नेमकी हवी, बरं का. पाच मिनिटांत सुमारे नऊ हजार फेऱ्या होतात. फेरीच्या काळात एका मायक्रोसेकंदाची चूक केली तर शेवटी नऊ मिलिसेकंदांची होते, म्हणजे पाव फेरीहून जास्त, आणि ढीग पसरून सपाट! शिवाय पृथ्वी फिरतेय, त्यामुळे कुठलीही वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरून बघितल्यासारखी दुरुस्त करावी लागते. ती दुरुस्ती आठ मिनिटांपर्यंत जाते. आणि पल्सार स्वतःच दररोज ३६ नॅनोसेकंदांनी मंदावतोय. १९६९ च्या मार्चमध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेच्या रॉकेटने ढीग पाहिला, आणि एप्रिलमध्ये एमआयटीच्या हेल ब्रॅड्ट आणि मंडळींच्या रॉकेटनेही. दर फेरीला दोन शिखरं, दुसरं पहिल्यानंतर साधारण ०.४ फेरीने. रॉसींचं नाव त्या निबंधावर नाही. ब्रॅड्ट त्यांच्याच गटात वाढलेले.

१९७० मध्ये रॉसी एमआयटीतून निवृत्त झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला पहिला क्ष-किरण उपग्रह उहुरू उडाला, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या इटालियन तळावरून. जियाकोनींच्या या उपग्रहाला सेंटॉरस एक्स-३ या स्रोतात ४.८ सेकंदांचे ठोके सापडले : जोडीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांवर आदळून तापतो आणि तो तापलेला डाग फिरताना दिसतो. रॉसी पुढे इटलीत पुन्हा शिकवू लागले. १९७४ ते १९८० ते पालेर्मोला होते. ज्या देशाने त्यांना हाकललं होतं, त्या देशात त्यांनी पुन्हा वर्ग घेतले. पाडुआच्या इमारतीत परत जाताना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा केला. २१ नोव्हेंबर १९९३ ला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे ते वारले. त्यांच्या अस्थी फ्लॉरेन्सला सॅन मिनियातोच्या दफनभूमीत आहेत. तिथून आर्चेत्रीची टेकडी दिसते.

३० डिसेंबर १९९५ ला नासाचा टायमिंग उपग्रह गेला आणि १९९६ मध्ये त्याला रॉसींचं नाव दिलं. झेनॉन वायूने भरलेले पाच मोठे काउंटर, सगळे मिळून साडेसहा हजार चौरस सेंटिमीटर, आणि वेळेची बारकाई एक मायक्रोसेकंद. १९९८ मध्ये त्याने सेकंदाला ४०१ फेऱ्या मारणारा न्यूट्रॉन तारा पकडला, शेजाऱ्याचा वायू गिळत असतानाच. म्हातारे पल्सार असा वायू खाऊन पुन्हा वेगवान होतात, ही तोवरची अटकळ होती; आता क्ष-किरणांचे ठोकेच हाती आले. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटने २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या ॲस्ट्रोसॅटसाठी झेनॉनचेच तीन मोठे काउंटर केले, ते याच घराण्यातले.

रॉसी उपग्रहाचं काम जानेवारी २०१२ मध्ये थांबवलं आणि ३० एप्रिल २०१८ ला तो वातावरणात येऊन जळून गेला. पण सोळा वर्षांच्या त्याच्या नोंदी नासाने सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात, फुकट. क्रॅबच्या फायली मोठ्या आहेत, तेव्हा हॉस्टेलच्या नेटवर रात्री दोननंतर उतरवाव्यात. घडी घालायचा प्रोग्रॅम पन्नास ओळींच्या आत होतो, फक्त वस्तुमानकेंद्राची दुरुस्ती आधी करून घ्या. ती केली नाही तर फायलीत पल्सार असूनही दिसत नाही.